चार सोमवार आणि साडेचार वर्षं

आमच्याकडे संध्याकाळी सात ते साडेनऊ रिमोट आईच्या ताब्यात असतो, या वेळेत कुणाचा फोन आला तरी ती "हं हं, बोल" म्हणत आवाज फक्त दोन काड्या कमी करते. मागच्या आठवड्यात मी तिच्या शेजारी मेथी निवडत बसले होते. पडद्यावर सून खिरीची वाटी घेऊन चाललेली, दाराआड जाऊ उभी, जावेच्या मुठीत कसलीतरी पुडी, मग कॅमेरा जावेच्या चेहऱ्यावर, मग सासूच्या, मग परत जावेच्या, हे सगळं तीन तीनदा आणि मागे ढँड ढँड ढँड. आई जुडीवरची नजर न हलवता म्हणाली, "आता वाटी बदलणार, आणि ती खीर हिच्याच नवऱ्याच्या ताटात जाणार." मी म्हटलं, सगळं माहितीये तर बघतेस कशाला? तर म्हणे, "माहितीये म्हणूनच तर बघते. पण संपवत का नाहीत गं मेले?"

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीयेत, कारण मालिकांवर आपल्याकडे जी काही चर्चा होते ती या दोन्हींना बगल देऊनच होते. एक पार्टी म्हणते हा सगळा कचरा आहे, बायकांची डोकी बिघडवतात, घरं फोडतात (हे म्हणणारे काका जेवताना टीव्हीसमोरच बसलेले असतात आणि मीठ मागायच्या निमित्ताने काल काय झालं ते विचारून घेतात). दुसरी पार्टी मालिका बनवणाऱ्यांची, त्यांचं उत्तर पाठ आहे, लोकांना हेच आवडतं, आम्ही काय करणार. आणि हल्ली तिसरी एक पार्टी निघालीय, पॉडकास्टवाली. त्यांना मनाचा अभ्यासक युंग सापडलेला असतो. सासू म्हणजे काली, सून म्हणजे सीता, खलनायिका म्हणजे आपलीच दडपलेली बाजू, जगातल्या सगळ्या गोष्टी शेवटी एकच असतात आणि ते आपल्या नेणिवेत (म्हणजे मनाच्या आपल्यालाही न दिसणाऱ्या तळात) आहे म्हणून लोक बघतात, वगैरे. ऐकायला भारी वाटतं. पण गंमत बघा, हे तिसरं म्हणणं दुसऱ्या पार्टीच्या किती पथ्यावर पडतं, कारण मग सगळं बिल लोकांच्या नेणिवेच्या नावावर फाडता येतं.

मला या तिसऱ्या पार्टीचं अर्धं पटतं आणि अर्ध्यावरून भांडायचंय.

पटतं ते आधी सांगते. कार्ल युंग (१८७५-१९६१) हा स्विस मानसोपचारतज्ज्ञ, आधी फ्रॉइडच्या जवळचा आणि १९१३ च्या सुमारास त्याच्यापासून तुटलेला. त्याचं म्हणणं असं की माणसाच्या मनात स्वतःच्या आठवणींच्याही खाली एक तळघर असतं, ते सगळ्यांचं सामाईक, आणि त्यात काही घाट असतात, आई, म्हातारा शहाणा, टाकलेलं मूल, आपलीच काळी सावली, जे स्वप्नांतून आणि गोष्टींतून पुन्हा पुन्हा वर येतात. मराठी समीक्षेत या घाटांना आदिबंध म्हणतात आणि तळघराला सामूहिक नेणीव. आता हे तळघर खरंच आहे का हे कुणी मोजून दाखवलेलं नाही, पण नदीत सोडलेलं मूल आपल्याकडे कर्ण आहे, तिकडे मोझेस आहे, त्याच्याही आधी आजच्या इराककडचा, अक्कडचा राजा सारगॉन आहे, ही गोष्ट तर कुणीही तपासून बघावी. काहीतरी आहे बुवा. पण युंग स्वतः एक सावधगिरीची सूचना देऊन गेलाय जी पॉडकास्टवाले नेमकी गाळतात. तो म्हणायचा आदिबंध रिकामा असतो. स्फटिक कुठल्या आकारात धरणार हे ठरलेलं असतं, पण द्रावणात बघितलं तर तो आकार कुठंच दिसत नाही. आपण खडीसाखरेचं उदाहरण घेऊ, पाकात दोरा सोडला की त्याच्याभोवती साखर धरते. पण दोरा काही गोड नसतो. दोऱ्याला धरून पाक कुणी ओतला, कसला ओतला, कधी उतरवला, हे सगळं माणसांचं काम आहे आणि माणसांच्या कामाचा जाब विचारता येतो.

दोऱ्यालाच खडीसाखर समजण्याची चूक आधी हॉलिवूडने करून दाखवली. १९४९ मध्ये जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने जगभरच्या पुराणकथा चाळून नायकाच्या प्रवासाचा १७ टप्प्यांचा नकाशा काढला, १९७७ चा 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या जॉर्ज लुकासने त्याचं ऋण उघड मानलं, मग तिथल्या पटकथावाल्यांनी त्या १७ चे १२ करून पाककृतीच बनवली, आणि आता अंधेरीतल्या कुठल्याही स्क्रीनप्ले वर्कशॉपमध्ये तेच बारा टप्पे फळ्यावर काढतात. हिरो घर सोडतो, राक्षस मारतो, काहीतरी घेऊन परत येतो. ठीक आहे. पण आमच्या घरातल्या बायकांनी शंभर वर्षं ज्या गोष्टी ऐकल्या त्यातली नायिका घर सोडून कुठं जाणार होती? तिचा राक्षस घरातच, चुलीपाशी.

म्हणून मी कहाण्यांकडे वळते. श्रावणातल्या कहाण्या, आटपाट नगरवाल्या. बाजारात दहा-वीस रुपयांना पातळ कागदावरचं पुस्तक मिळायचं, आमच्या आजीचं हळदीकुंकवाच्या बोटांनी पिवळं-लाल झालेलं, मधली दोन पानं गायब, पण ती पानं तिला पाठ होती त्यामुळे फरक पडायचा नाही.

शिवामुठीची कहाणी घ्या. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचं बेडं. ती का नावडती हे कहाणी सांगत नाही, आणि मला लहानपणी याचा फार राग यायचा, काहीतरी तर कारण असेल ना? मोठी झाल्यावर कळलं की कारण नसणं हाच तिथला सगळ्यात खरा भाग आहे. तर ही रानात जाते, नागकन्या-देवकन्या भेटतात, त्या महादेवाला चालल्या असतात, ही त्यांच्याकडून वसा शिकते आणि मूठ वाहते, पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव. आणि तोंडाने काय म्हणते, तर सासूसासरा, दीरभावा, नणंदाजावा, भ्रतारा, सगळ्यांची नावं घेऊन, नावडती आहे ती आवडती कर रे देवा. तिसऱ्या सोमवारी घरचे तिच्या मागोमाग जातात. देऊळ सोन्याचं झालेलं, रत्नं लखलखतायत. सासरा हरखून जातो, पागोटं खुंटीवर ठेवतो आणि तळं बघायला बाहेर पडतो. तेवढ्यात देऊळ अदृश्य. पागोटं आठवलं म्हणून हा परत येतो तर तिथं लहानसं जुनं देऊळ, आत पिंडी, नावडतीने केलेली साधी पूजा, आणि शेजारी खुंटीवर त्याचं पागोटं.

ते पागोटं. युंगच्या सगळ्या चाहत्यांनी मिळून सांगितलं तरी मला त्या पागोट्याइतकं काही पटणार नाही. सासरा राजा आहे, त्याची अख्खी सत्ता, अख्खा मान एका खुंटीवर लटकतोय, तोही सुनेच्या देवळात, आणि ते घ्यायला त्याला वाकून आत यावं लागतं. कहाणी यावर एक शब्द बोलत नाही. मग नावडतीला पालखीत घालून घरी नेतात आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. चार सोमवारांचा वसा. एवढंच.

आता तोच दोरा टीव्हीवर बघा. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, नागपूरकडची बोली बोलणारी राधिका, तिचा नवरा गुरुनाथ, आणि त्याची दुसरी, शनाया. नावातच आवडती-नावडती आहे, एवढं उघड की लेखकांनी मुद्दाम केलं असलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष आमची अख्खी बिल्डिंग राधिकेच्या बाजूने होती, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तर शनायाला जिन्यात भेटल्यासारख्या शिव्या द्यायच्या. राधिका मसाल्याचा धंदा काढते, उभी राहते, घटस्फोट घेते, सौमित्रशी लग्न करते. झालं की! कहाणी असती तर इथं अक्षता पडल्या असत्या. पण मालिका चालली २०२१ च्या मार्चपर्यंत, म्हणजे साडेचार वर्षं, एक खलनायिका शिळी झाली की दुसरी आली, नावडती आवडती होऊन गेल्यावरही तिला परत परत नावडती करावं लागलं. आणि ही तरी लहान. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त एपिसोड, चार दिवसांची अकरा वर्षं झाली.

माझा मुद्दा हाच आहे. जुन्या गोष्टी परत परत सांगतात म्हणून मालिकांवर माझा राग नाही. सांगा की, हजार वेळा सांगा. राग याचा की जुन्या गोष्टीतला निम्माच भाग उचलतात, दुखण्याचा, आणि खपली धरायची वेळ आली की नखाने काढतात. टाकलेलं मूल, नावडती बाई, घरात शिरलेली परकी, हे ज्या खोलवरच्या जागी जाऊन लागतं ती जागा खरी आहे, त्याबद्दल पॉडकास्टवाल्यांशी माझं भांडण नाही. पण तिथं बोट लावलंय ना, मग हात धुऊन मलमपट्टीपण करायची जबाबदारी तुमची.

आणि हे नेणिवेमुळे होत नाही, गुरुवारमुळे होतं. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात. काही हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून कळतं की कुठल्या मालिकेचं काय झालं, आकडा पडला की ट्रॅक बदलतो, आकडा चढला की तोच ट्रॅक ताणतो, लग्न ठरलं असेल तर मांडवात विघ्न आणि विघ्न चाललं असेल तर आणखी एक महाएपिसोड. सेटवर सीन सकाळी हातात पडतात असं त्या धंद्यातले लोकच हसत हसत सांगतात. आता अशात शेवट कोण लिहिणार? ज्याला शेवट माहीत नाही तो गोष्ट सांगत नसतो, तो फक्त गिऱ्हाईक दुकानात थांबवून ठेवत असतो. 'आई कुठे काय करते' मधली अरुंधती बघा, मला ती मालिका मनापासून आवडायची, वर्षानुवर्षं घर ओढलेली बाई गाणं परत हातात घेते, नवरा सोडते, आशुतोषशी दुसरं लग्न करते, मराठी घरात चाळिशी ओलांडलेल्या बाईचं दुसरं लग्न संध्याकाळच्या वेळेला सगळ्यांनी एकत्र बसून बघितलं, ही साधी गोष्ट नव्हती. आणि मग त्या आशुतोषला मारून टाकलं. आई त्या दिवशी ताटावरून उठली. रडली नाही, चिडली. म्हणाली, "हिला सुख पचूच देत नाहीत."

खलनायिकेचंही असंच. शिवामुठीच्या कहाणीत त्या तीन आवडत्या सुना काय करतात माहितीये? काही नाही. फार तर उष्टं पान पुढे करतात, पण पुड्या कालवत नाहीत, दाराआड उभ्या राहत नाहीत. दोष असलाच तर घराच्या रीतीचा, राजाचा. मालिकेत मात्र सगळं पाप दुसऱ्या बाईच्या कपाळावर, तिला मोठी टिकली, वर चढवलेली भुवई, वेगळं म्युझिक, आणि ज्याच्यामुळे सगळं झालं तो नवरा बिचारा भोळा, फसलेला, सोफ्यावर बसून चहा मागतोय. युंगची सावली म्हणे. अहो, सावली स्वतःची असते, ती शेजारणीच्या अंगावर टाकून मोकळं व्हायला त्याने सांगितलं नव्हतं, उलट ती आपलीच आहे हे ओळखा असं तो आयुष्यभर सांगत होता.

आपल्या जुन्या बायकांना हे जास्त चांगलं जमलेलं. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लावतात तो आठवा, वर नरसिंह, कालियावर उभा कृष्ण, खाली बुध-बृहस्पती आणि मधोमध पोराबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका. यातली जरा कोण? महाभारतात जरासंधाची दोन शकलं जोडणारी जरा नावाची राक्षसी आहे, आणि सभापर्वात ती स्वतः सांगते की मी घराघरात राहणारी गृहदेवी, भिंतीवर मला मुलाबाळांसकट जो रंगवील त्याची भरभराट होईल. म्हणजे बघा, जिची भीती वाटते तिला हाकलायचं नाही, तिला भिंतीवर जागा द्यायची, आघाड्याची आणि दूर्वांची माळ घालायची, पोरांना तिच्याच पुढ्यात बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळायचं. सावलीशी कसं वागायचं याचा अख्खा धडा, तोही कसलं जड नाव न देता.

आणि जिवतीची शुक्रवारची कहाणी तर, खरं सांगते, आजच्या कुठल्याही रायटर्स रूमला घाम फोडेल. राणीला मूल नाही, ती पोटाला कपडे बांधून गरोदरपणाचं सोंग करते, गरीब ब्राह्मणीच्या घरापर्यंत भुयार खणवते, सुईण बाळंतिणीचे डोळे बांधते, मूल भुयारातून राजवाड्यात आणि इकडे वरवंट्याला कुंचा बांधून तिच्यापुढे ठेवला, तुला वरवंटाच झाला. वरवंटा! ती बाई काय करते, तर दर शुक्रवारी जिवतीला हात जोडून, माझं बाळ जिथं असेल तिथं खुशाल असो म्हणून तांदूळ उडवते, आणि ते तांदूळ तिकडे राजवाड्यात पोराच्या डोक्यावर पडतात. पोरगा मोठा होतो, राजा होतो, एक दिवस नेमकी तीच बाई त्याच्या नजरेत भरते आणि तो रात्री तिच्या घरी निघतो. दारात वासराच्या शेपटीवर पाय पडतो. वासरू गाईला म्हणतं, कुण्या पाप्याने पाय दिला बघ, आणि गाय म्हणते, जो आपल्या आईकडे जायला भीत नाही तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिईल.

हे आम्ही सात-आठ वर्षांची पोरं मुठीत फुटाणे धरून ऐकायचो. फ्रॉइडने ज्याच्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली ते आमची आजी नैवेद्याला उशीर होतोय म्हणून घाईघाईत वाचायची, आणि कुणाला काही वावगं वाटायचं नाही, कुणाच्या भावना दुखावायच्या नाहीत. ग्रीक गोष्टीत इडिपसला आपण आईशीच लग्न केलंय हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, तो स्वतःचे डोळे फोडतो. इथं वासरू वेळेवर बोलतं. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी भारतीय इडिपसवर लिहिताना हेच म्हटलंय की आपल्याकडच्या या गोष्टी पोराच्या बाजूने नाही, आईच्या बाजूने सांगितलेल्या असतात. इरावती कर्व्यांनीही १९५० मध्ये सटवाईच्या लेकीची एक मराठी लोककथा इंग्रजीत छापली होती, तिच्या कपाळी पोटच्या मुलाशीच लग्न लिहिलेलं असतं, असली भयंकर. आदिबंध तोच, पण बाई सांगायला लागली की गोष्टीची कूस बदलते. माझं नेणीववाल्यांशी भांडण आहे ते इथं. सगळ्या गोष्टी शेवटी एकच असतात म्हटलं की कोण सांगतंय हा प्रश्नच गायब होतो.

जिवतीच्या कहाणीचा शेवटही सांगून टाकते. तो राजा काशीयात्रा करतो, पिंड द्यायला जातो तर पिंड घ्यायला दोन हात वर येतात. का, ते कुणी सांगत नाही, घरी जाऊन सगळ्यांना जेवायला घाल म्हणजे कळेल म्हणतात. गावजेवण ठरतं, ब्राह्मणीला बोलावणं जातं, तिचे नेम मोठे, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही वगैरे, ते पाळू म्हटल्यावर ती येते. राजा स्वतः वाढत वाढत तिच्यापुढे येतो आणि तिला पान्हा फुटतो, दुधाची धार उडते ती थेट राजाच्या तोंडात. कागदपत्रं नाहीत, लॉकेट नाही, दंडावरचं गोंदण नाही, डीएनए रिपोर्ट तर नाहीच. मी इतकी वर्षं सिनेमे बघतेय, हरवल्या-सापडल्याचा याच्या तोडीचा सीन मी बघितलेला नाही.

आता कुणी म्हणेल की बाई, कहाण्यांची एवढी आरती कशाला, त्यातही बाईला शेवटी मिळतं काय, सासरच्यांची मर्जी! बरोबर आहे. नावडती आहे ती आवडती कर हे मागणं मलाही खुपतं, मला जर वर मिळाला असता तर मी आधी बेड्यातून बाहेर पडून वेगळं बिऱ्हाड मागितलं असतं. पण ही गोष्ट ज्यांच्यासाठी होती त्या कोण होत्या बघा, माझी पणजी नवव्या वर्षी सासरी आली, मुलीच्या लग्नाचं वय १४ करणारा शारदा कायदा १९२९ चा, तोही पाळला कुणी. नऊ वर्षांच्या पोरीला बिऱ्हाड मागायची सोय नव्हती. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडायचे, शेंदूर फासलेल्या देव्या बघायचे आणि विचारायचे की ही देवी इथंच का, इथून पायवाट कुठली जात होती, वस्ती कुणाची होती. गोष्टीलाही हेच विचारायला पाहिजे, ही नावडती इथंच का. तिच्याखाली आदिबंध असेलही, पण त्याच्यावर एक घर आहे, एक चूल आहे आणि चुलीवर कुणाचा हुकूम चालतो हे आहे. आणि कहाण्या म्हणजे काही सगळ्या महाराष्ट्राच्या बायका नव्हेत, त्या बऱ्याचशा वरच्या जातींच्या घरांतल्या. बाकीच्यांकडे जात्यावरच्या ओव्या होत्या आणि त्यांत सासू नाव घेऊन येते.

दुसरा आक्षेप, लांबीचा. महाभारत काय लहान आहे? विक्रम-वेताळ चांदोबात वर्षानुवर्षं चाललाच की. चालला, पण दर महिन्याला गोष्ट संपायची, वेताळ प्रश्न टाकायचा, विक्रम उत्तर द्यायचा, मग वेताळ झाडावर. वेताळाने कधी असं केलं नाही की प्रश्नाच्या जागी राजाच्या चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा मारला आणि उत्तर सोमवारी. आणि भोंडल्याचं ते गाणं, कारल्याचा वेल लाव गं सुने मग जा आपुल्या माहेरा, ते तर चालढकलीचंच गाणं आहे. वेल लावला, फूल येऊ दे, फूल आलं, कारलं लागू दे, कारलं लागलं, भाजी कर, भाजी केली, खरकटं काढ. पक्की मालिका! पण शेवटी फणी येते, वेणी घातली जाते, सून माहेरी जाते आणि मग खिरापत. माहेरी जाऊच दिलं नसतं तर ते गाणं कुणी म्हटलं असतं का?

लोकांना काय आवडतं याचा एक मोठाच प्रयोग २०२० मध्ये आपोआप झाला. मार्चमध्ये शूटिंगं बंद पडली, एपिसोडची बँक संपली, मालिका गप्प झाल्या, आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७ चं 'रामायण' परत लावलं. ७८ भाग, पुठ्ठ्याचे मुकुट, एकेका बाणाला पाच मिनिटं. आमच्या घरात तिन्ही पिढ्या बसल्या. प्रत्येकाला शेवट माहीत होता, आणि शेवट आहे हेही माहीत होतं. जुलैत मालिका परत सुरू झाल्या तेव्हा आई दोन-तीन दिवस म्हणत होती, "कुठं होतो गं आपण?" आणि मला तरी ते कुठल्या मालिकेबद्दल होतं ते कळलं नाही.

म्हणून मागणं फार मोठं नाहीये. सेन्सॉर नको, बंदी नको, संस्कारी मालिका तर मुळीच नको, त्यांची मला भीती वाटते. फक्त लेखकाला सुरुवात करतानाच शेवट लिहू द्या आणि तो लिहिलेल्या दिवशी होऊ द्या. शंभर भाग ठरले तर शंभर. आकडा चढला म्हणून ताणू नका, पुढच्या वेळी नवी नावडती आणा, आटपाट नगरात जागा भरपूर आहे. धंद्याचं गणित बसणार नाही म्हणतील. बसत नसेलही, पण मग किमान ते गणित आहे असं म्हणा, आमच्या नेणिवेला मध्ये आणू नका.

गेल्या श्रावणात पहिल्या शुक्रवारी आमच्याकडे पुरणाचे दिवे झाले. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला फोनवर घेऊन फोन पाटावर डब्याला टेकवून ठेवला होता, तिकडे सकाळ, तो घाईत, आईने स्क्रीनसमोरून निरांजन फिरवलं आणि मग सवयीने चारी दिशांना अक्षता टाकल्या, एक दाणा स्क्रीनवर पडला तर तो म्हणाला, "आई, पोचल्या." मग कहाणी. माझी आठ वर्षांची भाची फुटाणे मुठीत धरून ऐकत होती, मध्ये दोन खाल्ले, आम्ही बघितलं नाही असं दाखवलं. आई सुफळ संपूर्ण म्हणाली तेव्हा भाचीने विचारलं, "आणि त्या राणीला काय शिक्षा झाली? बाळ चोरलेलं तिने."

आई पुस्तक मिटत होती, थांबली, परत उघडून शेवटचा परिच्छेद बोट फिरवत बघितला. "शिक्षा नाहीये. दूध उडतं तेव्हा तो रुसून बसतो ना, तेव्हा तीच येऊन सांगते त्याला, की तुझी खरी आई ही, मी मानलेली."

"एवढंच? मग?"

"मग सगळे जेवले. त्याने आईवडलांना राजवाड्याशेजारी वाडा बांधून दिला."

"म्हणजे दोन्ही आया शेजारी-शेजारी राहिल्या?"

आई काही बोलली नाही, तिला वाटी दिली, फुटाणे ठेवायला. मग म्हणाली, "राहिल्या असतील."